कानामागून आलेला ड्रायव्हर

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून पाच मिनिटांवर माझी दहा बाय बाराची रेकॉर्डिंगची खोली आहे. दिवसा तानपुरे, भजनी मंडळं, कधी एखादं कीर्तन. रात्री कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंगबद्दलची तुमची पत्रं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सांभाळ संपला, बऱ्याच जणांनी नवे लॅपटॉप घेतले, आणि त्यानंतर माझ्या टपालात एकच सूर लागलाय : ‘काल चालत होतं, आज चालत नाही.’ म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच घरातले घेतो.

मी भावगीतांचा क्लास घेते. जुना लॅपटॉप मोडीत काढून नवा घेतला. इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, तोच दोन चॅनेलचा यूएसबीचा, माइक तोच, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर तेच. पण आता मी ‘सा’ लावला की हेडफोनमध्ये तो मागाहून येतो, कुणी वाकुल्या दाखवतंय असं वाटतं. मुलाने इंटरनेटवर बघून दोन-तीन गोष्टी घातल्या. आता आसिओच्या यादीत तीन नावं दिसतात. एकावर माइक येतच नाही, एकावर येतो पण तडतडतो, एकावर रीपर गोठतं. स्क्रीनचा फोटो सोबत पाठवते आहे. सॉफ्टवेअर बदलू का?
— एक वाचक, चिपळूण

ताई, रीपरला हात लावू नका. तुमचा फोटो मी मोठा करून दोनदा पाहिला. यादीत तीन नावं आहेत आणि तिन्हींत तुमच्या इंटरफेसचं नाव नाही. वऱ्हाड सगळं आलंय, नवरदेव तेवढा राहिलाय.

झालं असं असणार. जुन्या लॅपटॉपवर कुणीतरी, बहुधा दुकानदाराने, इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि विंडोज यांच्यातला दुभाषा, नीट बसवून दिला होता. नव्यावर तुम्ही वायर खुपसली आणि आवाज आला. आवाज आला म्हणजे ड्रायव्हर बसला, असं कुणालाही वाटेल. पण २०१७ सालच्या एका अपडेटपासून विंडोजकडे नव्या धाटणीच्या यूएसबी साउंड यंत्रांसाठी स्वतःचा एक सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. तो न बोलावता येतो आणि यंत्राचा ताबा घेतो. कानामागून आला आणि तिखट झाला, तो हाच. गाणी ऐकायला, व्हिडिओ कॉल करायला तो उत्तम आहे. त्याच्याकडे आसिओचा दरवाजा मात्र नाही, आणि तुम्हाला तर तोच हवा आहे.

आसिओ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पत्रांमध्ये त्याला कधी सॉफ्टवेअर, कधी ‘प्लगइन’, एकाने तर ‘व्हायरस’ म्हटलंय. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ च्या सुमारास आखलेली ही एक वाट. विंडोजमध्ये एरवी सगळे आवाज एका सामाईक मिक्सरमधून जातात : ब्राउझर, मेलची घंटी, तुमचं गाणं, सगळं एका हौदात. तिथे आवाज थांबतो, गरज पडली तर त्याचा सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सँपल) तो आकडा, बदलतो, मग पुढे जातो. आसिओ हा हौद टाळून रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला थेट यंत्राशी बोलू देतो. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या वासापीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या वाटेतही, असा थेट जाण्याचा एक प्रकार आहे, पण त्याचं नेहमीचं रूप हौदातूनच जातं. रीपरच्या यादीत ‘वेव्हआउट’ दिसतं ना, ते विंडोज ९५ च्याही आधीच्या जमान्यातलं. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता तुमची तीन नावं. पहिलं लॅपटॉपच्या पोटातल्या साउंड चिपचं. ते तुमच्या इंटरफेसला ओळखतच नाही, म्हणून माइक मुका. दुसरं आसिओ-फॉर-ऑल. हे वाईट नाही. ज्या यंत्राला स्वतःचा आसिओ नाही त्याला ते उसना मुखवटा देतं, आणि आतून विंडोजच्याच खालच्या थराशी बोलतं. पण ब्राउझरने इंटरफेस धरून ठेवला असेल तर त्याला काही मिळत नाही. आणि यंत्र न कळणाऱ्या कारणाने अडून बसलं, तर त्याच्या खिडकीत ‘बियाँड लॉजिक’ असा शेरा येतो, तो मला फार आवडतो. तिसरं असंच एक सर्वसाधारण आसिओ. तीन तीन माणसं एकाच नळाला बादली लावून उभी आहेत.

करायचं ते असं. इंटरफेसची वायर काढा. पहिलं नाव, म्हणजे चिपचं, राहू द्या. दुसरं आणि तिसरं ॲप्सच्या यादीतून काढून टाका. इंटरफेस उलटा करून खालच्या स्टिकरवरचं मॉडेल पाहा आणि त्यापुढे पिढीचा आकडा असेल तर तोही. एकाच नावाच्या दुसऱ्या आणि चौथ्या पिढीचे ड्रायव्हर वेगळे असू शकतात, इथे बरेच जण चुकतात. बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून विंडोज ११ चा ड्रायव्हर उतरवा. ‘ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं वर्ज्य. आधी ड्रायव्हर, मग लॅपटॉप बंद-चालू, मग वायर. आणि वायर थेट लॅपटॉपला, हबला नाही. मग रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, त्यात डिव्हाइस. ऑडिओ सिस्टिम आसिओ, आणि खाली इंटरफेसचं नाव. आता ते दिसेल.

तिथेच आसिओ कॉन्फिगरेशनचं बटण आहे. त्यातून इंटरफेसची स्वतःची खिडकी उघडते आणि बफर साइझ मिळतो. बफर म्हणजे एका खेपेला किती सँपल उचलायचे ते. सेकंदाला ४४,१०० सँपल असतील तर १२८ ची खेप २.९ मिलिसेकंदांची, ५१२ ची ११.६ ची. आवाज आत येताना एक खेप आणि बाहेर जाताना एक, म्हणजे ५१२ वर २३ मिलिसेकंद आणि वर थोडे यंत्राचे स्वतःचे. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ५१२ च्या बफरवर तुम्ही स्वतःला जवळजवळ आठ मीटरवरून ऐकताय : तुम्ही क्लासात आणि तुमचा गळा बाहेर गॅलरीत. १२८ वर तेच अंतर दोन मीटरच्या आसपास येतं, साथीला बसलेल्या पेटीवाल्याइतकं. तिथे गाता येतं.

१२८ वर तडतड झाली तर २५६ करा, लाज वाटून घेऊ नका. तरीही तडतडलं तर दोष इंटरफेसकडे नाही, घरातलंच दुसरं कुणीतरी रस्ता अडवतंय. सगळ्यात आधी वायफाय बंद करून एक तान रेकॉर्ड करा. माझ्या अनुभवात दहातल्या चार-पाच तक्रारी तिथेच मिटतात. वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर एखाद्या क्षणी प्रोसेसरला इतका वेळ अडकवून ठेवतो, की आवाजाची खेप वेळेवर पोचत नाही. ती रिकामी गेलेली खेप म्हणजे तुमची तडतड. लेटन्सीमॉन नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवलं तर अडवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव कळतं. चार्जर लावा, बॅटरी वाचवणारा मोड काढा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून सुधारलं, तर कशाने सुधारलं हे पुढच्या वेळी तुम्हालाही सांगता येणार नाही, मलाही.

एवढं सगळं करायचं नसेल तर इंटरफेसच्या तोंडावर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असा खटका किंवा खुंटी आहे का बघा. तो लावला की तुमचा आवाज कॉम्प्युटरच्या भानगडीत न पडता सरळ हेडफोनात येतो. मग रीपरमधल्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन ‘सा’ ऐकू येतील. हे उत्तराच्या सुरुवातीलाच सांगता आलं असतं, कबूल. पण मग तुम्ही पुढचं वाचलं नसतं.

काका, आमच्या मंडळाचा अभंग मी लॅपटॉपवर रेकॉर्ड केला. काळी एकमध्ये गायलो होतो. तिथे परत ऐकला तेव्हा बरोबर होता. घरी येऊन फोनवर टाकला तर सगळे चिपमंक झालेत, पट्टी चढलेली आणि लय पळतेय. पेटीशी लावून बघितलं तर कुठल्याच सुरावर बसत नाही. रेकॉर्डिंग वाया गेलं का?
— बी. कॉम. तृतीय वर्ष, नाशिक

वाया काही गेलं नाही, रडू नकोस. पेटीशी लावून बघितलंस हे मात्र छान केलंस, कारण निदान त्यातच आहे.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये सँपल रेट ४८,००० होता आणि इंटरफेस प्रत्यक्षात ४४,१०० वर चालत होता. कुठल्या तरी कारणाने तो तिथे अडकला होता आणि ड्रायव्हरने सॉफ्टवेअरला हे कळवलंच नाही. त्यामुळे यंत्राने सेकंदाला ४४,१०० सँपल दिले आणि सॉफ्टवेअरने फाइलवर चिठ्ठी लावली ४८,००० ची. तिथल्या तिथे ऐकताना तेच यंत्र त्याच चुकीच्या गतीने वाजवत होतं, चुकीवर चूक, म्हणून बरोबर वाटलं. फोनने चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि उघडं पडलं.

४८,००० भागिले ४४,१०० म्हणजे १.०८८. सुरांच्या भाषेत जवळजवळ दीड पट्टी, १.४७ म्हण. काळी एकचा ‘सा’ पांढरी दोन ओलांडून गेला आणि काळी दोनला पोचला नाही, मध्येच लटकला. पेटीवर सापडणार कसा? सहा मिनिटांचा अभंग साडेपाच मिनिटांत उरकलेला दिसेल, घड्याळ लावून बघ. पुढे कधीही ध्वनिमुद्रण ‘दीड पट्टी’ चढलेलं किंवा उतरलेलं दिसलं, तर गायकाला बोलायच्या आधी हे दोन आकडे आठव.

दुरुस्ती सोपी आहे. पट्टी उतरवणारी, पिच बदलणारी कुठलीही करामत करू नकोस, त्याने आवाज रबरी होतो. फाइल ऑडॅसिटीत उघड, ट्रॅकच्या नावावर क्लिक करून येणाऱ्या यादीत ‘रेट’ आहे, तिथे ४४,१०० निवड. एकही सँपल न बदलता फक्त चिठ्ठी बदलते. मग एक्स्पोर्ट कर. टाळ, मृदंग, बुवा, सगळे आपापल्या जागी येतील.

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी इथल्या एका कारागिराचा नवा तानपुरा रेकॉर्ड करून परदेशातल्या गिऱ्हाइकाला नमुना पाठवला, नेमका असाच चुकीच्या चिठ्ठीचा. तिकडून निरोप आला की वाद्य चांगलं दिसतं पण तारा भलत्याच ताणल्यात, तुटतील. कारागीर बिचारा दोन दिवस जवारी तपासत बसला होता. मी चहा घेऊन गेलो आणि कबूल केलं.

यापुढे रेकॉर्डिंगच्या आधी तीन ठिकाणचा आकडा जुळव : प्रोजेक्ट, इंटरफेसची खिडकी, आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या यंत्राच्या ॲडव्हान्स्ड पानावरचा. व्हिडिओसाठी असेल तर तिन्ही ४८,०००. मग अर्धा मिनिट रेकॉर्ड करून फोनवर ऐक. मंडळी तोवर पान जुळवतील.

मी मुलांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करते. यूएसबी माइक आहे, हेडफोन लॅपटॉपला लावते. सगळे सांगतात आसिओशिवाय प्रोफेशनल काम होत नाही. पण आसिओ निवडलं की माइक तरी दिसतो, नाहीतर हेडफोन तरी. दोन्ही एकदम नाहीत.
— एक वाचक, सोलापूर

‘सगळे’ चुकीचं सांगतात. आसिओची गरज स्वतःला ऐकत गाणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला. गोष्ट वाचताना चाळीस मिलिसेकंद इकडे-तिकडे झाले तर कोल्ह्याला काही फरक पडत नाही, करकोच्यालाही नाही. वासापी निवडा, माइक इकडचा, हेडफोन तिकडचे, आणि वाचत सुटा. नोंदल्या जाणाऱ्या आवाजाचा दर्जा माइक आणि खोली ठरवते. पंखा बंद करा, पडदे ओढा.

दोन्ही का दिसत नाहीत, तर आसिओ एका वेळी एकाच ड्रायव्हरशी संसार करतो. आसिओ-फॉर-ऑलमध्ये दोन यंत्रं एकत्र टिकमार्क करता येतात, पण प्रत्येक यंत्राचं घड्याळ स्वतःचं असतं. लाखात पाच भागांचा फरक धरला, तरी अर्ध्या तासात ९० मिलिसेकंदांचं अंतर पडतं, आणि वाटेत कुठेतरी टिक्-टिक् ऐकू येते. मॅकवर दोन यंत्रांचं एक ‘ॲग्रिगेट डिव्हाइस’ करून ड्रिफ्ट करेक्शनची खूण केली की ते हा हिशोब स्वतः सांभाळतं. तुमच्या माइकला खाली हेडफोनचं भोक आहे का पाहा. बऱ्याच माइकना असतं. असेल तर हेडफोन तिथेच लावा, प्रश्नच मिटला.

२००७ साली घेतलेला आठ चॅनेलचा फायरवायर (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) इंटरफेस अजून ठणठणीत आहे. विंडोज ११ वर ड्रायव्हर मिळत नाही. एका मुलाने सांगितलं, ड्रायव्हरच्या सहीची तपासणी बंद करा, जुना चालेल.
— एक वाचक, लातूर

नाही चालणार, आणि ते करूही नका. ड्रायव्हर विंडोजच्या गाभाऱ्यात जाऊन बसतो, म्हणून तो कुणाचा आहे हे विंडोज त्याच्या डिजिटल सहीवरून तपासतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं निघतं, त्यामुळे त्या काळचा ३२ बिटचा ड्रायव्हर तिथे उभाच राहत नाही, सही असो वा नसो. तपासणी बंद केलीत तर उरतो फक्त उघडा दरवाजा.

वाटा तीन. जुना कॉम्प्युटर चालू असेल तर इंटरनेट तोडून तो फक्त रेकॉर्डिंगला ठेवा. माझ्याकडे असा एक आहे, दर नागपंचमीला त्याचं वारूळ झटकतो. दुसरी वाट लिनक्स, तिथे बऱ्याच जुन्या फायरवायर यंत्रांची सोय आजही आहे, पण तुमचंच मॉडेल यादीत आहे का ते आधी बघा. तिसरी मला सगळ्यात पटते : यंत्र कॉम्प्युटरशिवाय चालू होत असेल, तर त्याचे प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारे भाग) वापरून लाइन आउटमधून नव्या यूएसबी इंटरफेसच्या लाइन इनमध्ये आवाज घ्या. नवा इंटरफेस घेताना मात्र ‘क्लास कंप्लायंट’, म्हणजे विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवरही चालणारा, आहे ना विचारा. म्हणजे कंपनीने उद्या ड्रायव्हर काढणं थांबवलं, तरी यंत्र निदान मुकं होणार नाही.

ऑडॅसिटीत रेकॉर्डचं बटण दाबलं की सरळ रेघ येते. माइक व्हिडिओ कॉलमध्ये चालतो.
— एक वाचक, फोंडा, गोवा

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात मायक्रोफोन. तळाशी ‘डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरू द्या’ अशा अर्थाचा खटका आहे, तो बंद आहे का पाहा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या ॲपची परवानगी वेगळी असते, त्यावरचा कॉल चालला म्हणजे ऑडॅसिटीलाही परवानगी आहे, असं नव्हे. तिथे चालू असेल तर ऑडॅसिटीत रेकॉर्डिंगचं यंत्र म्हणून कोण निवडलंय ते पाहा. कधी कधी कुठला तरी ब्लूटूथ हेडसेट तिथे ठाण मांडून बसलेला असतो.

मी डोंबिवलीतून न्यू जर्सीतल्या नातवाला तबला शिकवतो. मी ठेका धरला की तो मागे पडतो, तो म्हणतो आजोबा तुम्ही मागे पडता. आसिओ ड्रायव्हर घातला तर जमेल का?
— एक वाचक, डोंबिवली

नमस्कार. तुम्ही दोघंही खरं बोलताय. मुंबई ते न्यू जर्सी पृथ्वीच्या पाठीवरून सरळ मोजलं तरी साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तुमचा ‘धा’ तिकडे पोचायला कमीत कमी साठ-बासष्ट मिलिसेकंद, त्याचा उलट यायला तेवढेच, आणि प्रत्यक्षात तारा वाकड्यातिकड्या जातात म्हणून त्याहून जास्त. ड्रायव्हर बदलून त्यातले पाच-दहा कमी होतील. बाकीचे समुद्रात आहेत.

म्हणून एकत्र वाजवू नका, आळीपाळीने वाजवा : तुम्ही एक आवर्तन, मग तो एक. लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी धून, त्याच्याच फोनवर लावायला सांगा, तुमच्याकडून पाठवू नका. तो त्या लेहऱ्यावर अचूक वाजवत असेल, तर तुम्हाला उशिरा ऐकू आला तरी अचूकच ऐकू येईल, कारण लेहरा आणि तबला दोन्ही सारखेच उशिरा पोचतात. आणि कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट दाबणारी सोय बंद करा. तिला तुमचा बायाँ गोंगाट वाटतो.

चूक दुरुस्ती. मागच्या अंकात मी ४४,१०० वर २५६ च्या बफरला ८.५ मिलिसेकंद लिहिले होते. सांगलीच्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी पोस्टकार्डावर भागाकार मांडून पाठवला आहे, उत्तर ५.८ येतं. भागाकाराखाली त्यांनी लाल शाईने ‘पुन्हा करा’ असं लिहिलंय. पुन्हा केला. त्यांचाच बरोबर आहे.